पहिलं पुस्तक त्यांच्याच तोंडचं

पनवेल,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. सासरच्या गावात, देवळाच्या सभामंडपात बायकांचा साक्षरता वर्ग सुरू करते आहेस हे वाचून मन भरून आलं. नवभारत साक्षरता कार्यक्रमाची पुस्तिका हातात आली आहे, नावं नोंदवून झाली आहेत, आणि आता तू विचारतेस की पहिल्या दिवशी कोणता धडा घेऊ. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण हे तुला पुन्हा पुन्हा काढून बघावं लागेल, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी पुस्तिका पिशवीतच राहू दे. एक जाड वही घेऊन बस, बायकांना बोलतं कर आणि त्या बोलतील ते त्यांच्यासमोर, त्यांना दिसेल असं, मोठ्या अक्षरात लिहीत जा. त्या वहीतून तुझा पहिला धडा निघेल.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेली. दिवसा मुलांना शिकवलं आणि नव्वदच्या दशकात साक्षरतेची मोहीम आली तेव्हा रात्री त्यांच्या आयांना. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: माणसाचं पहिलं वाचन त्याला आधीच पाठ असलेल्या बोलण्याचं असावं. डोळ्यांना अक्षरांचं नवं काम लावायचं, तर निदान ते शब्द कानाला आणि जिभेला जुने हवेत. तिन्ही गोष्टी एकदम नव्या दिल्या की साठीच्या बाईचा जीव घाबरतो आणि ती म्हणते, आता या वयात काय करायचंय शिकून. पुष्कळदा ते वाक्य वयाचं नसतं, त्या घाबरण्याचं असतं.

हे मला अध्यापन विद्यालयात कोणी शिकवलं नाही. आपल्या घरात मिळालं. तू ते घर पाहिलेलं नाहीस, तुझ्या जन्माआधीच वाडा उतरवला गेला आणि आता तिथे लिफ्टची इमारत उभी आहे. म्हणून थोडं त्या घराविषयी सांगते.

तेव्हाचं पनवेल लहान होतं, पण आपल्या जुनेपणाचा त्याला अभिमान होता. नगरपालिका १८५२ सालची. गावात तळी पुष्कळ, वाडे पुष्कळ आणि भाताच्या गिरण्याही पुष्कळ. बैलगाडीची चाकं करणारे कारागीर होते आणि त्यांच्या चाकांना लांबून मागणी असे. धूतपापेश्वरचा कारखाना तर १८७२ पासूनचा, त्याच्या अंगावरून गेलं की काढ्यांचा वास यायचा. आगगाडी साठच्या दशकात आली, तोवर घाट चढायचा की खाडी ओलांडायची एवढाच प्रश्न लोकांना पडायचा. तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, एका भाताच्या गिरणीत दिवाणजी होते. आमच्या कपड्यांनासुद्धा कोंड्याचा वास असायचा. वाड्याला पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि विहीर. सात भावंडं, आई, वडील, आजी, एक विधवा आत्या आणि शिकायला राहिलेला कोणी ना कोणी नातेवाईक. एवढी माणसं त्या घरात मावत होती याचं आज नवल वाटतं, तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

आजी, म्हणजे तुझी पणजी, निरक्षर होती. पण श्रावणात संध्याकाळी आई माजघरात शिवलीलामृत वाचायला बसली की आजी समोर वाती वळत ऐकायची, आणि आईच्या डोळ्यांखालून एखादा शब्द निसटला तर वाती वळता वळताच तो शब्द सांगायची. अकरावा अध्याय तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होता. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. आईच्या मांडीला टेकून मी पोथीच्या ओळीवर बोट ठेवायची आणि आजीच्या आवाजाबरोबर ते पुढे सरकवायची. बोट कधी मागे राहायचं, कधी पुढे जायचं. एका श्रावणात ते आवाजाबरोबर चालायला लागलं. मला वाचायला कोणी असं शिकवलंच नाही. ओवी कानात होती, ती हळूहळू डोळ्यांना सापडली.

हेच आजीच्या बाबतीत का घडलं नाही, हा प्रश्न मला पुढे फार छळत राहिला. अध्याय तिला पाठ होता, पोथी हाताच्या अंतरावर होती, वाचणारी सून घरात होती. तिचं बोट त्या ओळीवर कोणी ठेवलं नाही, एवढंच. घरातल्या कोणाला तसं सुचलं नाही आणि तिनेही कधी मागितलं नाही. तुझ्या वर्गात येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी अशाच असतील. त्यांच्याजवळ पाठांतराचा मोठा साठा आहे आणि त्यांचं बोट ओळीवर ठेवणारं आजवर कोणी भेटलेलं नाही.

दुसरी गोष्ट ओटीवरची. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून भात घेऊन आलेली माणसं गिरणीचं काम उरकलं की आपल्या ओटीवर यायची. कोणाला आलेलं पत्र वाचून हवं असायचं, कोणाला लिहून. वडील ते काम विनामूल्य करायचे आणि मी शेजारी बसून कार्डं पुढे करायची. एकदा खारेपाटातली एक आगरी बाई आली. तिचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला होता. तिने सांगायला सुरुवात केली: उधाणाच्या पाण्याने बांध फुटला, शेतात खारं पाणी आलं, म्हैस व्यायली, तुझ्या बापाचा खोकला बरा नाही, तू पैसे पाठवतोस पण येत का नाहीस. वडिलांनी वळणदार अक्षरात लिहिलं की इकडील सर्व क्षेम असून आपले क्षेम कळवीत जावे, खर्चाची तजवीज करावी. लिहून झाल्यावर तिने वाचायला सांगितलं. ऐकलं, आणि शांतपणे म्हणाली की हे बोलणं माझं नाही, हे आईनं लिहिलंय असं माझ्या पोराला वाटायचं नाही.

वडील क्षणभर थांबले. मग त्यांनी माझ्याकडून दुसरं कार्ड घेतलं आणि ती बोलली तसं, तिच्या शब्दांत, सगळं लिहिलं. बांधासकट आणि म्हशीसकट. न आणि ण यांची गल्लत केली की मला पाटी पुसायला लावणारे माझे वडील त्या कार्डावर ‘पानी’ असं लिहिताना मी पाहिले. पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा त्या बाईने कार्डावरून हात फिरवला आणि विचारलं, यात ‘पानी’ कुठं हाय? वडिलांनी बोट ठेवून दाखवलं. तिने तो शब्द बराच वेळ पाहिला.

ताई, त्या विचारण्यात सगळी साक्षरता आली. आपण बोललो ते कागदावर कुठे आहे, हे बघावंसं वाटणं. हे कुतूहल जागं झालं की अक्षरं शिकवायला फार कष्ट पडत नाहीत. आणि ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहिलेल्या कार्डाकडे बघून ते कधीच जागं होणार नाही.

तुझ्या वहीत काय यावं हे आता सांगते. तुझं सासर आगरी वस्तीचं, तेव्हा गावात धवलारीण असणार. लग्नात हळदीपासून मांडवापर्यंतच्या विधींना धवले गाणारी बाई. पुष्कळ घरांत भटजीच्या बरोबरीने तिचा मान. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कवयित्रीचं, तेराव्या शतकातल्या महदंबेचं काव्यही धवळेच आहेत, रुक्मिणीच्या लग्नाचे. म्हणजे तुझ्या गावची ती म्हातारी किती जुन्या परंपरेची वारस आहे बघ. तिला वर्गात पहिल्या दिवशी मानाने बोलाव. ती स्वतः निरक्षर असली तर फारच चांगलं. तिने एक धवला म्हणावा, बाकीच्यांनी मागून म्हणावा आणि तू तो लिहावास. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने आणि त्या मुलाच्या मावसभावाने लिहून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक होऊन आपल्यापर्यंत आली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यातली प्रत्येक ओवी कुणीतरी बोललेली आणि कुणीतरी ऐकून घेतलेली. तू ऐकून घेणाऱ्यांत हो.

धवला लिहून झाला की पुढचं काम कारागिरीचं, ते नीट कर. त्यातली एकच ओळ निवड, सगळ्यांच्या तोंडी असलेली. ती लांब कागदी पट्टीवर लिही. सगळ्यांनी म्हणायची, तू बोट फिरवायचंस. मग एकेकीने म्हणायची आणि तिनेच बोट फिरवायचं. बोट आणि आवाज जुळायला लागले की कात्री घे आणि त्यांच्यासमोर पट्टीचे शब्द कापून वेगळे कर. तुकडे मिसळ आणि ओळ पुन्हा जुळवायला सांग. इथे खरी परीक्षा आहे. पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे, हे तुला कधीच विसरून चालणार नाही. अख्खी ओळ घडाघडा म्हणणारी बाई सुटा तुकडा हातात आला की थांबते. थांबू दे. तिला ओळ मनात पहिल्यापासून म्हणू दे आणि त्या शब्दापर्यंत येऊ दे. असं चार वेळा झालं की तुकडा बघताच शब्द ओठांवर येतो. मग त्या शब्दातलं एक अक्षर उचल आणि तेच अक्षर आणखी कुठे दिसतं ते शोधायला लाव.

मुळाक्षरं क पासून ज्ञ पर्यंत ओळीने शिकवू नकोस. ओळीने शिकवलं तर पंधरवडा उलटतो आणि बाईला घरातला एक शब्द वाचता येत नाही. थोडी अक्षरं आणि एक खूण घ्यायची, आणि तेवढ्यात जितके शब्द होतील तितके वाचायचे. मी न, म, स, व, त, भ आणि काना यांच्यापासून सुरुवात करत असे. एवढ्यात नाव, भात, मासा, मामा, नात, वात, सात, भाव, वास, मान इतके शब्द होतात, आणि यातला एकही शब्द तिला समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या गटात र, प, क, ट, ठ आणि दीर्घ वेलांटी घे. मीठ, पीठ, माती, वीट, ताट, पाटी, रान, काम. ऱ्हस्व वेलांटी मागाहून दे. ती म्हणायची अक्षराच्या नंतर आणि काढायची अक्षराच्या आधी, त्यामुळे नव्या माणसाचा हात तिथे हमखास अडतो. तिसऱ्या गटात ल, ण, उ आणि मात्रा आली की बाई एसटीच्या पाट्या वाचू लागते: पनवेल, पेण, उरण. त्या आठवड्यात त्यांना पनवेलच्या स्थानकावर घेऊन ये आणि कोणती गाडी कुठली ते त्यांनाच सांगू दे. आजवर प्रत्येक वेळी कंडक्टरला किंवा परक्या माणसाला विचारावं लागलेल्या बाईला त्या पाट्या वाचून काय वाटतं, ते तिच्या तोंडावर बघ.

नाव मात्र पहिल्या दिवसापासून दे. प्रत्येकीला स्वतःचं नाव लिहायचं असतं आणि ती इच्छा अडवू नये. लक्ष्मी, पार्वती अशी जोडाक्षरांची, रफाराची नावं असली तर अक्षरं फोडत बसू नकोस, चित्रासारखं अख्खं गिरवू दे. पण तिथेच थांबू नकोस. सही आली की बाई साक्षर झाली असं समजून पुष्कळ ठिकाणी वर्ग बंद पडले. न वाचता सही करणाऱ्या बाईचा अंगठाच बरा म्हणायची वेळ येते, कारण अंगठा देणाऱ्या माणसाला निदान कोणीतरी कागद वाचून दाखवतं.

आता बोलीचं. आगरीत डोळा ‘डोला’ होतो, पाणी ‘पानी’, आणि गाडी ‘गारी’. बायका तशाच बोलणार आणि तशाच वाचणार. पहिल्या वहीत तूही तसंच लिही. शिक्षकांपैकी काही जण हे ऐकून नाराज होतील, चुकीचं वळण लागेल म्हणतील. मी त्यांच्याशी सहमत नाही. जी बाई आपल्या तोंडचा शब्द कागदावर ओळखते तिला पुढे ‘पुस्तकात पाणी असं लिहितात’ हे सांगायला दोन मिनिटं लागतात. जिला पहिल्याच दिवशी तुझं बोलणं अशुद्ध म्हणून सांगितलं, ती दुसऱ्या दिवशी येत नाही. कार्यक्रमाच्या चाचणीच्या आधी दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून दाखव, म्हणजे अडचण पडणार नाही.

वाडीवरच्या कातकरी बायकांविषयी तू विचारलंस. त्या देवळातल्या वर्गाला येणार नाहीत. आल्या तरी दाराशी बसतील आणि दोन दिवसांनी दिसेनाशा होतील. तू वाडीवर जा. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, बरोबर अनुताई वाघ होत्या; मुलं शाळेत येत नाहीत असं पाहिल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरं राखायला जात, तर कुरणावर शाळा भरली. शिकवायला बिया, पानं, शंख-शिंपले. अनुताई स्वतः तेराव्या वर्षी लग्न होऊन लगेच विधवा झालेल्या, शिक्षणापर्यंत त्या किती कष्टाने पोचल्या असतील याचा विचार कर. वसईकडे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या त्याही याच विचाराने.

वाडीवर आश्रमशाळेत शिकलेली एखादी मुलगी असेल, तिला बरोबर घे. कातकरी बोली तुला येत नाही आणि दोन महिन्यांत येणारही नाही. तेव्हा वहीत काय लिहायचं ते त्या मुलीने सांगावं. आणि वेळ थोडा आहे हे ध्यानात ठेव. दिवाळी झाली की ही माणसं भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. दिवाळीपर्यंतचे हे दिवस तुझे. त्यांच्यासोबत ‘वीट’ या शब्दापासून सुरुवात करून बघ. पाउलो फ्रेरी नावाच्या ब्राझीलमधल्या शिक्षकाने कामकरी लोकांना असंच शिकवलं. त्याच्या धड्यांतला एक प्रसिद्ध शब्द विटेचाच होता, तिजोलो. त्या शब्दातलं एकेक अक्षर घेऊन तो त ते ति तो तु असं म्हणवून घेई, अगदी आपल्या बाराखडीसारखं. पण अक्षरांच्या आधी तो त्यांना विटेविषयी बोलायला लावायचा: कोण पाडतं, कोण विकतं, घर कोणाचं होतं. १९६३ साली अंजिकोस या गावात सुमारे तीनशे शेतमजुरांना त्याने चाळीस तासांच्या शिकवणीत वाचायला शिकवलं. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मत नव्हतं, त्यामुळे ती शिकवणी सत्तेला झोंबली. पुढच्या वर्षी लष्कराने सरकार उलथलं आणि फ्रेरीला तुरुंगात टाकलं. आपल्याकडे मताचा हक्क पहिल्या निवडणुकीपासून निरक्षरालाही मिळाला, हे आपल्या घटनाकारांचं थोरपण. तुझ्या वाडीवरच्या म्हातारीने कितीतरी वेळा मत दिलं आहे. तिला विटेचा भाव, उचल आणि आठवड्याची खर्ची वहीत कशी मांडतात ते वाचता आलं पाहिजे. वर्षाचा हिशोब भट्टीवाल्याच्या वहीत असतो आणि ती वही तिला वाचता येत नाही.

गावातल्या बायकांसाठी तेवढ्याच महत्त्वाचा कागद म्हणजे सातबारा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, बेलापूर, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींचं संपादन सुरू झालं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर उतरली, १९८४च्या जानेवारीत जासईच्या परिसरात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला. हे तुझ्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पण त्या सगळ्या कागदांवर बायकांचे अंगठे कितीतरी होते, आणि आपलं नाव वारसांत आहे की हक्कसोड झाला हे त्यांतल्या कितीजणींना वाचता आलं असेल? आता विमानतळ झाला, जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला. तिसरा महिना लागला की प्रत्येकीला घरचा सातबारा आणायला सांग. पुरुष कुरकुर करतील. त्यांना सांग की नाव वाचायचा सराव आहे, आणि ते खरंही आहे.

काही बारीकसारीक गोष्टी उरल्या आहेत, पण वर्ग टिकतो तो त्यांच्यावर.

सासू आणि सून यांना शेजारी बसवू नकोस. सून सासूच्या पुढे वाचणार नाही, आणि सासू सुनेसमोर अडखळायला तयार होणार नाही. नावाने हाक मारू नकोस. तू गावची सून आहेस, नात्याने हाक मार, आजी, मावशी, वहिनी. लाल शाई घरी ठेव. पहिले आठ दिवस वहीत लिहायला लावू नकोस. कोयता धरलेल्या बोटांना पेन्सिल धरवत नाही, ती मोडते आणि बाई ओशाळते. फरशीवर खडूने मोठं काढू दे, रांगोळी घालणारा हात तिथे मोकळा चालतो. हिशोब शिकवायला बसू नकोस, मासळी विकणारी बाई तुझ्यापेक्षा लवकर तोंडी हिशोब करते. तिला फक्त आकडे लिहायला शिकव, तिच्या टोपलीच्या भावाने. चाचणीची धास्ती घेऊ नकोस. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत, एवढी तयारी या वाटेने सहज होते. पण प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी वर्ग बंद केलास तर वर्षभरात अक्षरं पुसली जातील. वाचायला काही राहिलं पाहिजे. लग्नपत्रिका, विजेचं बिल, नातवाचं मराठीचं पुस्तक, आणि त्यांच्याच धवल्यांची ती वही. दरवर्षी तिच्यात भर घाला.

आणि डोळे. हे शेवटी सांगते आहे, कारण हेच सगळे विसरतात. चाळिशी उलटलेल्या बाईला जवळचं धूसर दिसतं आणि तिला वाटतं आपल्या डोक्यात शिरत नाही. पहिल्या आठवड्यात एकेकीला सुईत दोरा ओवायला सांग. जिला जमत नाही ती गेली काही वर्षं नातवंडांकडून ओवून घेत असणार. अशा सगळ्यांची यादी कर आणि त्यांचे डोळे तपासून घे. माझ्या पेन्शनमधून चष्म्यांचे पैसे मी देणार आहे, यात आढेवेढे नकोत. भातकापणी उरकली की मी चार दिवस राहायला येते, तोवर किती चष्मे लागतील तो आकडा मला कळव.

घरच्या सगळ्यांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या